पगार थकलाय, विमानं उभी आहेत. सही करू का?

ताई, नमस्कार.

माझं वय २९. इंदिरानगरला वाढले, शाळा-कॉलेज नाशिकलाच. धुळ्याला फ्लाइंग केलं, कमर्शियल लायसन्स काढलं, मग कर्ज वाढवून एटीआरचं (प्रॉपेलरवालं लहान प्रवासी विमान) टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची पात्रता, मिळवलं. गेली साडेचार वर्षं एका लहान विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. लॉगबुकात अठराशेच्या वर तास झालेत.

तीन महिने झाले, पगार तुकड्या-तुकड्यांनी येतोय. दोन विमानं ‘मेंटेनन्ससाठी’ म्हणून उभी केली, ती अजून उठलेली नाहीत. दोन मार्ग बंद झाले. आता एचआरने पत्र दिलंय की दोन महिने स्वेच्छेने बिनपगारी रजा घ्या. त्यासोबत दुसरा कागद: कंपनी मला कॅप्टनपदाचं प्रशिक्षण देणार, त्यासाठी तीन वर्षांचा नवा बाँड. दोन्हींवर एकदमच सही मागितली आहे, शुक्रवारपर्यंत.

कर्जासाठी बाबांनी सिडकोतलं घर तारण ठेवलंय. हप्ता मीच भरते. बाबा अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेत, त्यांना यातलं काहीच माहीत नाही. भाऊ म्हणतो, उद्याच राजीनामा दे. मामा म्हणतात, सिंहस्थ तोंडावर आलाय, ओझरच्या विमानतळावरून विमानं वाढणार, दम धर. मोठ्या कंपनीत अर्ज केलाय, उत्तर नाही. इथून सुटायचं तर सहा महिन्यांची नोटीस. रात्री दोन-तीनपर्यंत झोप लागत नाही. काय करू?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

मुदत शुक्रवारची होती म्हणून त्या दोन कागदांपुरतं तुला ईमेलने आधीच कळवलं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते. आपल्या नाशिक-धुळे-जळगाव पट्ट्यातली बरीच मुलं-मुली आता या पेशात आहेत आणि त्यांच्या घरच्यांना यातल्या अटी, नियम, मुदती ठाऊक नसतात. मी स्वतः नोकरीची बरीच वर्षं विमान कंपन्यांच्या क्रू विभागात काढली, त्यामुळे हा विषय मला परका नाही.

दोन्ही कागदांवर एकदम सही करायची नाही. ते दोन वेगळे व्यवहार आहेत आणि मुद्दाम एकत्र बांधले आहेत. एका हाताने कंपनी म्हणते, तुला द्यायला पैसे नाहीत. दुसऱ्या हाताने म्हणते, तीन वर्षं इथून हलू नकोस. हे दोन्ही एकाच दिवशी मागणाऱ्याला तू ‘विचार करून लेखी कळवते’ एवढंच म्हणायचंस. तोंडी नाही, ईमेलने.

आधी बिनपगारी रजेचं पाहू. अशी रजा घेणं म्हणजे मूर्खपणाच, असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये २५ मार्च ते २४ मे देशांतर्गत उड्डाणं पूर्ण बंद होती, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी पगार कापले, लोकांना बिनपगारी रजेवर पाठवलं, आणि त्यातल्या कित्येकांच्या नोकऱ्या पुढे टिकल्याही. प्रश्न रजेचा नाही, तिच्यातल्या अटींचा आहे. रजा कोणत्या तारखेला संपते हे कागदावर हवं. ‘पुढील आदेशापर्यंत’ असे शब्द असतील तर ती रजा नव्हे. त्या काळात पीएफ, गट आरोग्य विमा आणि ज्येष्ठता यादीतलं तुझं स्थान चालू राहणार का? आधीचे थकलेले पगार कधी देणार?

आणि वैमानिकासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: रीसेन्सी कोण सांभाळणार? प्रवासी विमान उडवायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात, हे तुला माहीत आहे. विमानं उभी असल्याने तुझं रोस्टर आधीच पातळ झालं असणार. त्यावर साठ दिवसांची रजा चढली की नव्वद केव्हा उलटतील, कळणारही नाही. मग परत उडण्याआधी सिम, म्हणजे सिम्युलेटरवरचा सराव, लागतं, त्याला पैसे लागतात, आणि जी कंपनी पगार देऊ शकत नाही ती सिमचा स्लॉट घेईल का? तुझ्या पीपीसीची (वैमानिकाच्या कौशल्याची ठरावीक काळाने होणारी तपासणी) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (आयआर) तारीख या दोन महिन्यांत पडत असेल तर आणखीच पंचाईत. दोन महिन्यांनी मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं आणि तुझ्या लायसन्सवरची रेटिंग लॅप्स झालेली असली, तर नुकसान दोन पगारांचं नसेल, त्याहून बरंच मोठं असेल. म्हणून एचआरला असं लिही: सलग दोन महिन्यांऐवजी प्रत्येक महिन्यात पंधरा दिवस रजा घ्यायला मी तयार आहे, उरलेल्या पंधरा दिवसांत मला उड्डाणं द्या, आणि रीसेन्सी व चेकची जबाबदारी कंपनीची राहील हे पत्रात लिहा. मान्य केलं तर चांगलंच. नाही केलं, तर कंपनीला तुझी कितपत गरज आहे याचं उत्तर तुला मिळालं.

आता बाँड. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं क्रू रूममध्ये हमखास कोणीतरी सांगतं. त्या भरवशावर सही करू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांचा नोकरीचा बाँड वैध ठरवला, आणि मुदतीआधी सोडणाऱ्या अधिकाऱ्याला दोन लाख रुपये भरावे लागले. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवीच असावी लागते हे खरं. पण वाजवी म्हणजे किती, हे ठरायला वर्षं जातात. तोवर कंपनी तुझे शेवटचे पैसे अडकवून ठेवू शकते, एनओसी रखडवू शकते.

कॅप्टनपदाचं आमिष मोठं आहे, मला कळतं. एटीआरचे पीआयसी तास, म्हणजे कॅप्टन म्हणून उडवलेले तास, ज्याच्या लॉगबुकात आहेत त्याला बाजारात वेगळा भाव असतो. कंपनी धडधाकट असती तर मी म्हटलं असतं, डोळे झाकून घे. पण कमांडचे तास विमान उडालं तर मिळतात, पत्रावर सही केल्याने नाही. शिवाय एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणारं सरकारी कार्यालय, त्याच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे फर्स्ट ऑफिसरची नोटीस सहा महिन्यांची आहे, कमांडरची, म्हणजे कॅप्टनची, एक वर्षाची. या नियमाला वैमानिकांनी न्यायालयात आव्हान दिलं आहे, पण कंपन्या आजही तोच पुढे करतात. म्हणजे अडचणीतल्या कंपनीत कॅप्टन झालीस तर बाहेर पडायचं दार दुप्पट लांब गेलं. तेव्हा एवढंच विचार: सिमचा स्लॉट कुठल्या केंद्रात, कोणत्या तारखेचा बुक झाला आहे, त्याची पावती दाखवा. तारीख असेल तर बाँडवर बोलणी करता येतील. मुदत एक वर्ष, रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकी आणि दर महिन्याला घटत जाणारी, आणि सलग दोन पगार थकले तर बाँड आपोआप रद्द, ही अट हवीच. तारीख नसेल तर सही नाही.

कंपनी तगणार की जाणार, हे तुला कुणी सांगणार नाही. टाऊन हॉलमध्ये ‘गुंतवणूकदार येतोय’ हेच ऐकायला मिळेल. पण काही गोष्टी तू स्वतः पाहू शकतेस. पीएफचं पासबुक उघड, तुझ्या पगारातून कापलेली रक्कम दरमहा जमा होते का बघ. आयकराच्या पोर्टलवर २६एएस काढ, कापलेला टीडीएस सरकारकडे पोचला का बघ. पगार उशिरा होणं ही ओढाताण असू शकते. कापून घेतलेले पैसे भरलेच नाहीत तर गोष्ट फार पुढे गेलेली असते. विमानतळावर तेल कंपनी रोखीवर इंधन देते आहे का, हे तुझ्या कॅप्टनला विचार, त्याला माहीत असतं. लेओव्हरच्या हॉटेलात क्रूला खोली देताना रिसेप्शनवर फोनाफोनी होते का? आणि उभ्या असलेल्या विमानांकडे जाऊन बघ. प्रॉपेलर, चाकं, कॉकपिटमधले डिस्प्ले जागेवर आहेत का? सुटे भाग काढून दुसऱ्या विमानाला लावायला सुरुवात झाली असेल, तर ते विमान लवकर उठत नाही. ते भाड्याचं असेल तर मालक कंपनी कधी ना कधी ते घेऊन जाणारच. गो फर्स्ट या विमान कंपनीचं हेच झालं. मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबली तेव्हा पुन्हा सुरू होण्याची भाषा होती. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाड्याची विमानं परत देण्याचा मार्ग मोकळा केला आणि मग सुरू करायला काही उरलंच नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी अवसायनात, म्हणजे मोडीत, निघाली.

आपल्या निफाड-लासलगावकडचा शेतकरी भावासाठी कांदा चाळीत ठेवतो, पण रोज सकाळी चाळीत जाऊन वास घेतो. एका कोपऱ्यात सड दिसली की भावाची वाट बघत बसत नाही. तू थांबायचं ठरवलंस तर असं थांब. दर महिन्याच्या दहा तारखेला वरच्या चार-पाच गोष्टी तपास आणि वहीत लिहून ठेव.

मामांचं म्हणणं प्रेमाचं आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी ओझरला वर्दळ वाढेलही. म्हणून तुझी कंपनी वाचेल असं नाही. ओझरचाच इतिहास बघ. डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतून एअर डेक्कनचं मुंबई-नाशिक सुरू झालं, केवढं कौतुक झालं होतं. २०१८ मध्ये जेट एअरवेजचं दिल्लीचं विमान आलं. जेट १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, डेक्कन कोविडमध्ये थांबली, अहमदाबादला जाणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणं फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. मार्च २०२३ मध्ये इंडिगो आली. नाशिककरांना विमान मिळत राहिलं, पण प्रत्येक वेळी शेपटीवरचं नाव वेगळं होतं, आणि आधीच्या नावाखाली काम करणारी माणसं मध्ये कुठेतरी गळाली. ‘उडान’च्या मार्गांना सरकार तूट भरून देतं ती तीन वर्षं. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात याचा हिशोब आहे: मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी सुरू झाले ३७१, तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी, आणि त्यापुढे मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४. तुझी कंपनी याच मार्गांवर चालत असेल तर कोणत्या मार्गाची तीन वर्षं कधी संपतात, हे एकदा शोधून काढ.

भावाचं ऐकून उद्या राजीनामाही देऊ नकोस. हातात दुसरं नेमणूकपत्र नसताना दिलेला राजीनामा म्हणजे सहा महिन्यांची नोटीस तुझ्यावर, आणि पगाराची खात्री शून्य. ‘राजीनामा देते म्हटलं की पगार सोडतील’ हाही विचार नको. एअर इंडियात काही वैमानिकांनी राजीनामे दिले होते, नंतर मागे घेतले. ऑगस्ट २०२० मध्ये कंपनीने ते जुने राजीनामे स्वीकारून चाळीसहून अधिक जणांना घरी बसवलं. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये त्यांना परत घ्यायला सांगितलं, पण मधले दहा महिने त्यांच्या घरात काय परिस्थिती असेल याचा विचार कर. राजीनाम्याचा कागद दबावासाठी वापरायचा नसतो. नेमणूकपत्र हातात आलं की त्याच दिवशी, तारीख-वेळ उमटेल असा ईमेल करून दे. त्यात नोटीस कमी करून एनओसी द्यावी अशी विनंती कर आणि थकलेल्या पगाराचा महिनावार तपशील जोड. अडचणीतल्या कंपनीलाही पगाराचं एक तोंड कमी झालेलं चालतं, त्यामुळे एनओसी लवकर मिळण्याची शक्यता असते. आणि न सांगता निघून जाऊ नकोस. २०२३ मध्ये अकासाच्या काही वैमानिकांनी तसं केलं, कंपनी थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. तुझी सुरक्षितता या कंपनीत नाही, पुढच्या कंपनीतही नसेल. २०२० च्या जुलैत देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीनेही, इंडिगोनेही, दहा टक्के माणसं कमी केली होती. वैमानिकाच्या हातात तीनच गोष्टी असतात: चालू असलेलं लायसन्स, पक्के कागद, आणि काही महिने तग धरता येईल एवढा पैसा. या तिन्हींची तजवीज पगार येत असतानाच करावी लागते.

कागदांचं मी आग्रहाने सांगते, कारण ते मी जवळून पाहिलं आहे. मी ज्या कंपनीत होते ती बंद पडली त्या आठवड्यात आमच्या रेकॉर्ड रूमबाहेर वैमानिकांची रांग लागली होती. हातात लॉगबुकं, ट्रेनिंग फाइलच्या झेरॉक्ससाठी सुटे पैसे. आत सही करायचा अधिकार असलेला एकच माणूस उरला होता, त्याचाही पगार झालेला नव्हता. दुपारी वीज गेली, प्रिंटर बंद. एका कॅप्टनला शेवटच्या सिम चेकचा फॉर्म मिळाला नाही म्हणून परदेशातल्या नोकरीची तारीख हुकली. माणूस हुशार, वीस-वीस वर्षं उडवलेला. अडला कुठे, तर एका पानावर.

म्हणून या आठवड्यातच ई-जीसीए या डीजीसीएच्या पोर्टलवरचं तुझं ई-लॉगबुक तपास. कंपनीकडून पडताळणी व्हायच्या राहिलेल्या नोंदी किती आहेत बघ, आणि त्या मागे लागून करून घे. टाइप रेटिंग, पीपीसी, आयआर, सीआरएम, डेंजरस गुड्स, सगळ्या प्रशिक्षणाच्या प्रती मागून घे. आज मागितल्यास तर कुणी कारणही विचारणार नाही. एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स, त्यासाठीचे तुझे १,५०० तास केव्हाच पूर्ण झालेत. त्याचे पेपर राहिले असतील तर रजेचे दिवस त्याला दे. एटीपीएल हातात असलेली फर्स्ट ऑफिसर आणि नसलेली, यांचे अर्ज एका ढिगात पडत नाहीत.

नोकरीचं म्हणशील तर चित्र अगदी काळं नाही. एटीआर आज आपल्याकडे अलायन्स एअर उडवते, फ्लाय९१ उडवते, आणि इंडिगोकडेही २०१७ पासून आहेत. म्हणजे नवीन टाइप रेटिंगचा खर्च न करता जिथे जाता येईल अशी दारं आहेत, ती आधी ठोठाव. जेट इंजिनाच्या विमानांवर जायची घाई करून पुन्हा कर्ज काढून ए३२० चं रेटिंग स्वतःच्या खिशातून करू नकोस. हातात नेमणूकपत्र असल्याशिवाय तर मुळीच नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यातूनच इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तेवढ्याच विमानांना आता जास्त वैमानिक लागतात, हे सगळ्या देशाने पाहिलं. ही बाजू तुझ्या फायद्याची आहे. दुसरी बाजू अशी की लहान कंपनी बुडाली की एकाच टाइपचे शंभर अर्ज एकाच आठवड्यात बाजारात येतात. तुझा अर्ज त्या आठवड्याच्या आधी पोचलेला हवा. आधीचा अर्ज आहे म्हणून गप्प बसू नकोस, तास वाढतील तसा नवा भर.

झोपेचं तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंस. मी ते एका ओळीत सोडणार नाही. रात्री तीनला डोळा लागून पहाटेच्या पहिल्या सेक्टरला जात असशील, तर त्या दिवशी ‘अनफिट’ कळव. पगार अडकलेल्या कंपनीत नाही म्हणायला जीव धजत नाही, माहीत आहे. अशाच काळात किरकोळ स्नॅग (बिघाड) टेकलॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लिहू नका, पुढच्या स्टेशनवर बघू, अशीही भाषा सुरू होते. लिहायचं. दर वेळी लिहायचं. मागे सत्तर माणसं बसलेली असतात आणि त्यांना तुमच्या कंपनीच्या ताळेबंदाशी काही देणंघेणं नसतं. आठवडे-आठवडे झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखव, स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नकोस; क्लास वन मेडिकलला (वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीला) कोणती औषधं चालतात, कोणती नाहीत, हे डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांनाच विचार. आणि लॉस ऑफ लायसन्सचा विमा असेल तर तो फक्त वैद्यकीय कारणाने लायसन्स गेल्यास मिळतो. नोकरी गेल्यास नाही. कंपनीचा गट आरोग्य विमाही कंपनीबरोबरच जातो, म्हणून स्वतःची आणि आईबाबांची वेगळी पॉलिसी आत्ताच काढ.

राहिलं घर. बाबांना सांगायचं. याच आठवड्यात, समोर बसून. फोनवर नको.

तू त्यांना त्रास नको म्हणून गप्प आहेस, हे दिसतंय. पण घर त्यांचं आहे, तारणाच्या कागदावर सही त्यांची आहे, आणि बँकेची नोटीस आली तर ती सिडकोच्या पत्त्यावर त्यांच्याच नावाने येईल. ती पोस्टमनकडून त्यांना कळावी का? अंबड-सातपूरमध्ये हयात घालवलेल्या माणसाने मंदी, ले-ऑफ, बंद झालेली शिफ्ट, शेजारच्या कारखान्याला लागलेलं कुलूप हे सगळं पाहिलेलं असतं. तुला वाटतं त्यापेक्षा त्यांना या गोष्टी जास्त कळतात. त्यांना फक्त घाबरलेली मुलगी दाखवू नकोस. कर्जाची शिल्लक, हप्ता, हातातली रक्कम आणि ती किती महिने पुरेल हे एका कागदावर मांडून ने. आईलाही बसव. भावाला त्याच वेळी विचार, दोन-तीन हप्त्यांची वेळ आलीच तर तू किती उचलशील? राजीनामा दे म्हणणं सोपं असतं, त्याने आकडा सांगावा.

मग बाबांना घेऊन बँकेत जा. पहिला हप्ता चुकण्याआधी जा, हे फार महत्त्वाचं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं, आणि तारण ताब्यात घेण्याच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघू शकते. त्यानंतर शाखेतल्या माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. आत्ता तुझं खातं स्वच्छ आहे, पगाराच्या स्लिपा आहेत. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं, अशा सवलती मागायला हीच वेळ आहे. अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची. क्रेडिट कार्डातून किंवा ॲपवरच्या कर्जातून हप्ता भरायचा नाही. थकलेला पगार येईल तेव्हा येईल, तो या हिशोबात धरायचाच नाही.

तो का धरायचा नाही, तेही सांगते. कंपनी दिवाळखोरीत गेली तर कर्मचाऱ्यांची देणी रांगेत लागतात. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्यांच्या मागच्या बारा महिन्यांच्याच पगाराला प्राधान्य, आणि तेही बँकांच्या नंतर. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं तेवढं संरक्षण बळकट आहे, जेटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ते उचलून धरलं. पण २०१९ ला थांबलेली जेट अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये अवसायनात गेली, इतकी वर्षं माणसं वाट बघत होती. तुझी साडेचार वर्षं झालीत, म्हणून पाच वर्षांच्या ग्रॅच्युइटीचा मोह होईल. चांगली नोकरी चालून आली तर त्या रकमेसाठी थांबू नकोस.

वेळ आलीच तर दावा दाखल करायला विसरू नकोस. दिवाळखोरीचा आदेश झाल्यावर जाहीर सूचना वर्तमानपत्रात आणि संकेतस्थळावर येते, घरी पत्र येईलच असं नाही. कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म डी असतो आणि त्याला मुदत असते. त्याला लागणारं नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, रोस्टर आणि एचआरशी झालेला सगळा पत्रव्यवहार आजच तुझ्या स्वतःच्या ईमेलवर आणून ठेव. कंपनीचा ईमेल ज्या दिवशी बंद होतो, त्या दिवशी कुणी आधी सांगत नाही.